बांगडा आणि पोटनियम

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आतेभावाने लिहिलं : मुलुंडला फ्लॅट बघितला, भाडं-डिपॉझिट सगळं जमलं, आणि आडनाव ऐकून दलालाने विचारलं, ‘नॉनव्हेज खाता का?’ बांगडा आडवा आला. मग सगळ्यांचा एकच सूर. आपल्याकडे अडाणीपणा जात नाही, तुमच्या जर्मनीत बघ कसं बुद्धीला धरून चालतं!

फ्रँकफर्टच्या सरकारी खिडकीवरच्या बाईंना माझ्या आडनावाचं फक्त स्पेलिंग हवं असतं. माणूस बघायचा नाही, राग-लोभ धरायचा नाही, नियम बघायचा. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने नोकरशाहीची तर्कशुद्धता म्हटली ती हीच. ‘वॉर्डात आपलं कुणी आहे का’ हे ऐकत मुंबईत वाढलेल्या मला त्या कोरडेपणाचं अजून अप्रूप आहे.

पण घर शोधताना मी चाळीसेक ईमेल पाठवले, उत्तरं आली दोन. त्यातल्याच एका गप्प बसलेल्या घरमालकाला ऑफिसातल्या जर्मन मित्राने लिहिलं, तर मित्राला संध्याकाळी फोन. तेव्हा ग्रुपवर काय सांगू?

आणि मुलुंडच्या त्या सोसायटीचा सेक्रेटरी अडाणी कुठे आहे? हेतू साधण्याचा हिशेब आणि मूल्याला चिकटून राहणं, अशा दोन तर्कशुद्धता वेबरने वेगळ्या काढल्या. अशा सोसायट्यांत दोन्ही नांदतात : आमचा आचार हा, आणि त्याने फ्लॅटचा भावही टिकतो. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा ‘सभासद पारशीच हवा’ हा पोटनियम सुप्रीम कोर्टाने २००५ साली वैध ठरवला. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला तेव्हापासून आपण बुद्धीची झुंज रूढीशी लावत आलोय. इथे रूढीनेच बुद्धीला कामाला ठेवलंय, मिनिट्स लिहायला.

वेबरच्या हिशेबात काय सुटलं ते जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमासने १९८१ साली दोन जाडजूड खंडांत मांडलं. त्याचं म्हणणं माझ्या भाषेत सांगायचं तर, ज्याला झळ बसते त्याच्यासमोर कारण मांडा आणि त्याला उलट बोलू द्या. शहाणपण तिथेही असतं. आतेभावाला कारण कुणी सांगितलंच नाही. दलाल म्हणाला, ‘माझं काही नाही हो, सोसायटीवाले ऐकत नाहीत.’ मला तर तेवढंही ऐकायला मिळालं नव्हतं.

आतेभावाला शेवटी भांडुपला जागा मिळाली. ग्रुपवर आत्याचा पहिला प्रश्न : ओट्यासमोर खिडकी आहे ना?