लिजियांग बघून याच, पण मुक्काम शाशीला करा

चीनच्या युनान प्रांतातल्या लिजियांगच्या जुन्या गावात तीन कुंडांची विहीर आहे. झऱ्याचं पाणी पहिल्या कुंडात येतं, ते प्यायचं. ते भरून वाहिलं की दुसऱ्यात, तिथे भाजी-तांदूळ धुवायचे. तिसऱ्यात कपडे. शेकडो वर्षं गावाने हा दंडक पाळला. मी तिथे पाऊण तास बसून होते. तेवढ्या वेळात फोटो काढणाऱ्यांची रीघ लागली होती आणि भाजी धुवायला एकच आजी आली. डोक्याला निळी टोपी, पाठीवर मेंढीच्या कातड्याची झूल. एकेक पान सुटं करून धुतलं, टोपली झटकली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

युनानहून आल्यापासून जो तो विचारतोय, लिजियांग कसं वाटलं? सुंदर आहे. कौलारू घरं, गल्लीगल्लीतून खळाळणारे पाट, वर 5,596 मीटरचा बर्फाच्छादित युलाँग पर्वत. 1996 च्या भूकंपातून गाव सावरलं आणि 1997 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. मग पर्यटक लोटले. तिथल्या नाशी लोकांनी घरं बाहेरच्या दुकानदारांना भाड्याने दिली आणि बरेचसे नव्या शहरात राहायला गेले. त्यांना मी नावं ठेवणार नाही. चांगलं भाडं कुणाला नको असतं? पण संध्याकाळी दुकानादुकानातून तेच ढोल आणि तीच गाणी ऐकताना मला सारखी ती आजी आठवत होती. घरं राखली, पाट राखले, आणि त्या पाण्यावर ज्यांचा संसार चालायचा तेच गाव सोडून गेले. वारसा राखणं याला म्हणायचं का? मला नाही पटत.

म्हणून माझं उत्तर शाशी. दाली आणि लिजियांगच्या मधलं हे खोऱ्यातलं गाव. इथून चहा तिबेटकडे चढायचा, घोडे खाली यायचे, आसपासच्या विहिरींचं मीठ खेचरांवर लादलं जायचं. चौकात एका बाजूला शिंगज्याओ मंदिर, समोर नाटकाचा लाकडी रंगमंच. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने 2002 च्या धोक्यातल्या शंभर स्थळांच्या यादीत हा चौक घेतला आणि मग झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या मदतीने दुरुस्ती झाली. पाडून जुन्यासारखं नवं बांधण्यापेक्षा जुनं लाकूड, जुनी माती टिकवण्यावर भर होता. आता इथेही कॉफीची दुकानं आलीत, पण शुक्रवारचा बाजार अजून गावकऱ्यांचाच आहे. कोंबड्या, विळे, बी-बियाणं, भाज्यांचे ढीग. तिथे मी रुशान खाल्लं. आंबट घालून दूध फाडतात, त्याचा गोळा पातळ ताणून काठ्यांवर गुंडाळतात आणि वाळवतात. पापडासारखं निखाऱ्यावर धरलं की फुगतं, मग त्यावर गुलाबाचा मुरंबा. पहिल्या घासाला मी थबकलेच. अहो, हा तर आपला गुलकंद!

खरी ओळख पटली ती मात्र जवळच्या शिबाओशान डोंगरावर. नानजाओ आणि दाली राज्यांच्या काळातली, नवव्या शतकापासूनची लेणी. बुद्ध, बोधिसत्त्व, दरबार भरवून बसलेले राजे. इथल्या बाय लोकांचा एक तांत्रिक बौद्ध पंथ आहे, आजाली. हा शब्द आपल्या 'आचार्य'वरून आलाय. हे कळलं तेव्हा मी पायरीवर टेकलेच. कोण कुठला आचार्य, कुठल्या वाटेने इतक्या डोंगररांगा ओलांडून आला असेल! माणसाचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण पदवी हजार वर्षं लोकांच्या तोंडी राहिली.

चार दिवसांत दाली, लिजियांग, शांग्रिला उरकणाऱ्या सहली निघतात, त्यात शाशी गाळतात. पैसे भरण्याआधी विचारा आणि गुरुवारची रात्र तिथे मागून घ्या, म्हणजे सकाळी बाजार मिळेल. दुसऱ्या दिवशी डोंगर चढा.

वर एका लेण्यात बुद्ध-बोधिसत्त्वांच्या शेजारी दगडात कोरलेली योनी आहे. बाय लोक तिला आयांगबाय म्हणतात. लज्जागौरी पुजणाऱ्या आपल्या मातीत त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. मूल व्हावं म्हणून, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका तिला तेल लावत आल्यात. दगड काळा कुळकुळीत झालाय. समोर गुडघे टेकून टेकून खडकाला दोन खळगे पडलेत.

मीही तिथेच गुडघे टेकले.