‘लेबल वाचलं असतं तर चूक झालीच नसती’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. औषधांच्या चुकांवरच्या लेखावर तुम्ही घेतलेले आक्षेप स्पष्ट आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं: सिस्टरनी लेबल नीट वाचलं तर चूक होणारच नाही, चूक कळवणाऱ्याला शिक्षा नको म्हणणं म्हणजे निष्काळजीपणाला पाठीशी घालणं, आणि घरी तर चिठ्ठीत लिहिलंय तसं द्यायचं, त्यात अवघड ते काय?

घरापासूनच सुरुवात करते, कारण तिथे तपासायला दुसरं माणूस नसतं.

इन्सुलिनचं बघा. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळशा कुप्यांमध्ये दर मिलीला 40 युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची 40 ची, नारिंगी टोपणाची 100 ची. चिठ्ठीत मात्र एवढंच असतं, ‘20 युनिट’. आता 40 ची कुपी आणि 100 ची सिरिंज अशी जोडी जमली, तर 20 च्या खुणेपर्यंत 0.2 मिली येतं, म्हणजे जेमतेम 8 युनिट. साखर उतरत नाही, म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. पुढच्या महिन्यात दुकानातून योग्य सिरिंज येते, वाढवलेला डोस पुरा अंगात जातो आणि साखर धाडकन खाली येते. उलटं झालं तर आणखी वाईट. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने ओढलं, तर 20 च्या खुणेला 0.5 मिली, म्हणजे 50 युनिट जातात. यात चिठ्ठी सगळ्यांनी नीट वाचलेली असते! म्हणून कुपी आणि सिरिंज एकाच वेळी घ्यायची, दोन्हींवरचा 40 किंवा 100 हा आकडा काउंटरवरच जुळवायचा, आणि कार्ट्रिजमध्ये सिरिंजची सुई कधीही घालायची नाही.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचीही हीच गत. थेंबांच्या बाटलीत दर मिलीला 100 मिलीग्रॅम असतं, सिरपमध्ये 5 मिलीला 120, 125 किंवा 250. दहा किलोच्या बाळाला एका वेळी 150 मिलीग्रॅम द्यायचं तर थेंबांचं औषध दीड मिली, 125 चं सिरप 6 मिली, 250 चं 3 मिली. ‘6 मिली’ एवढंच लक्षात ठेवून कोणी थेंबांची बाटली उचलली, तर चौपट डोस गेला. डॉक्टरांकडून मिली आणि मिलीग्रॅम दोन्ही लिहून घ्या. घरातला चहाचा चमचा वापरू नका.

सांधेवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. घरातल्या बाकी गोळ्या रोजच्या, त्यामुळे डबी भरणारा माणूस सवयीने तीही रोज टाकतो. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी बहुधा तशीच लहान आणि पिवळी, त्यामुळे अदलाबदल सहज होते. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात वार लिहा आणि ती रोजच्या डबीत ठेवूच नका. तोंड आलं, ताप आला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रोज घेतल्यास हे औषध अस्थिमज्जेवर घाला घालतं.

आता वॉर्ड. 15 टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या 10 मिलीच्या अँप्युलमध्ये (काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या कुपीत) 20 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं. थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. ही अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखीच दिसते आणि पुष्कळदा त्याच ट्रेमध्ये पडलेली असते. रात्रपाळीला एकटी सिस्टर, तीन बेडवरून हाका. तिथे ‘लेबल वाचा’ अशी पाटी लावून काय साधणार? ती अँप्युल साध्या वॉर्डच्या साठ्यातून काढून टाकणं आणि आयसीयूत वेगळ्या कुलुपात ठेवणं, हा खरा उपाय. मग दमलेल्या माणसाच्या हातीसुद्धा ती लागत नाही. हाच नियम रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनला. 1 मिलीत 1000 युनिटची आणि 5000 युनिटची अशा दोन्ही कुप्या एका कपाटात हव्यातच कशाला?

दुसऱ्या माणसाकडून तपासून घेणं म्हणजे वेळेचा अपव्यय, असंही तुम्ही म्हणता. जसं ते अनेक ठिकाणी चालतं, तसं पाहिलं तर तुमचं बरोबर आहे. ‘20 युनिट भरलंय, सही कर’ असं सांगून घेतलेली सही ही तपासणी नव्हे. दुसऱ्या सिस्टरने पहिलीचं उत्तर न ऐकता केसपेपरवरून स्वतः हिशोब करायचा आणि मग दोन्ही आकडे जुळवायचे. हे सगळ्या औषधांना करायला गेलात तर दोन दिवसांत नुसती सहीच उरेल. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम, केमोथेरपी, मॉर्फिन आणि मुलांचे वजनावरचे डोस, एवढ्यांपुरतंच ठेवा.

राहिला शिक्षेचा मुद्दा. नशेत ड्यूटी करणारा, किंवा धोका ठाऊक असून जाणूनबुजून तपासणी टाळणारा, याच्यावर कारवाई व्हायलाच हवी. त्यात माझं दुमत नाही. पण होता होता टळलेली चूक स्वतःहून कळवणाऱ्या सिस्टरला मेमो दिला, तर पुढच्या महिन्यात चुकांची नोंदवही कोरी राहते, चुका मात्र तेवढ्याच होतात. कोऱ्या नोंदवहीची मला जास्त भीती वाटते.

ती वही खरी बोलते का, हे पडताळताही येतं. वॉर्डात 25 टक्के डेक्स्ट्रोज किती वेळा द्यावं लागलं, नॅलोक्सोन कोणासाठी मागवलं, वॉरफरिनच्या रुग्णाला व्हिटॅमिन के का लागलं, हे फार्मसीच्या रजिस्टरवरून काढा. हे औषधांवरचे उतारे आहेत: डेक्स्ट्रोज इन्सुलिनने साखर फार उतरली तर, नॅलोक्सोन मॉर्फिन जास्त झालं तर, व्हिटॅमिन के रक्त पातळ करणारं वॉरफरिन जास्त झालं तर. प्रत्येक वापरामागे चूक असेलच असं नाही, पण प्रत्येक केसपेपर उघडून आधीचा डोस पाहायलाच हवा. डेक्स्ट्रोज आठ वेळा गेलं आणि वहीत इन्सुलिनची एकही नोंद नाही, असं दिसलं तर इन्चार्ज सिस्टरनी त्या आठही केसपेपरवर इन्सुलिनचा डोस, तो दिल्याची वेळ आणि रुग्णाच्या जेवणाची वेळ शेजारी शेजारी मांडून बघावी. इन्सुलिन दिल्यावर जेवणाची ट्रॉली उशिरा येत असेल, तर ते तिथे लगेच दिसेल.