खुलासा : सिक्कीमचे सार्वमत आणि त्याआधीचे पाच दिवस

‘सिक्कीम 1975 साली केवळ सार्वमताने भारतात आले, लष्कराचा संबंध नव्हता’ असा मजकूर दरवर्षी 16 मेच्या, म्हणजे सिक्कीमच्या राज्यदिनाच्या, सुमारास फिरतो. तो अर्धाच खरा आहे.

सार्वमत 14 एप्रिलला झाले. बाजूने 59,637, विरोधात 1,496 मते. पण 9 एप्रिललाच भारतीय लष्कराने गंगटोकच्या राजवाड्यातील पहारेकऱ्यांना निःशस्त्र केले होते आणि त्यात एक पहारेकरी मारला गेला. चोग्याल, म्हणजे तिथला राजा, नजरकैदेत होता. 10 तारखेला विधानसभेने राजेशाही रद्द करून भारतात सामील होण्याचा ठराव केला, त्यानंतर चारच दिवसांत डोंगराळ प्रदेशात मतदान. शिवाय राजेशाही रद्द करणे आणि भारतात सामील होणे, या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नात गुंफल्या होत्या. राजा नको पण वेगळेपण हवे, असे म्हणणाऱ्याने शिक्का कुठे मारायचा?

उलट ‘भारताने सिक्कीम जिंकून घेतले’ हेही चूक. राजाविरुद्धचा असंतोष खरा होता. बहुसंख्य नेपाळीभाषकांना मतदानपद्धतीत न्याय्य वाटा नव्हता, 1973 च्या आंदोलनाचे मूळ तिथेच. दिल्लीने तो असंतोष वापरला. 1950 च्या तहाने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण आधीच भारताकडे होते; 8 मे 1973 च्या (भारत, चोग्याल आणि सिक्कीममधील पक्ष यांच्यातील) त्रिपक्षीय कराराने प्रशासनाचा प्रमुखही भारत सुचवू लागला. 1974 च्या निवडणुकीत राजाविरोधी नेते काझी ल्हेंडुप दोर्जी यांच्या सिक्कीम काँग्रेसला 32 पैकी 31 जागा मिळाल्या. भारताच्या 35व्या घटनादुरुस्तीने सिक्कीम ‘सहयोगी राज्य’ झाले, सार्वमतानंतर 36व्या दुरुस्तीने बाविसावे राज्य. लष्कर आले तेव्हा राजाच्या हाती फारसे काही उरलेच नव्हते.