आर्द्रेचं वाहन म्हैस, आमचं फोर बाय फोर

आमचं गाव बेट आहे असं सांगितलं की नागपूरकडचे पाहुणे हसतात. पण गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीच्या पुढं जंगलात, एका अंगाला नदी आणि दोन अंगांना नाले घेऊन बसलेल्या गावाला धान रोवण्याच्या दिवसांत दुसरं काय म्हणायचं? भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की पेपरात फोटो येतो, पुलावर पाणी किती तेही येतं. आमच्या नाल्याला पेपरात जागा नाही. अडवायचं तेवढं तो बिनबोभाट अडवतो.

अशा गावांत सरकार पावसाळ्याआधीच चार महिन्यांचं रेशन पोचवून ठेवतं. पण रेशनात साबण, चहापत्ती, बिडीबंडल येत नाही. ते माझ्या दुकानात मिळतं. म्हणजे मिळायला पाहिजे.

"शेठ, साबन हाये का?"

"पानी उतरलं का येते."

एवढ्या दोन वाक्यांवर मी कितीतरी पावसाळे दुकान चालवलं. शेवटी ठरवलं, पाण्या-चिखलातून निघेल अशी चारही चाकांनी ओढणारी गाडी घ्यायची, आणि माल भरायला मागं डब्यासारखी ऐसपैस.

नोएडात नोकरीला असलेल्या भाच्याला सांगायचाच अवकाश. त्यानं मोबाईलवर मित्सुबिशीची डेलिका नावाची व्हॅन दाखवली. उंच, चौकोनी, फोर बाय फोर. जगाच्या पाठीवर कुठकुठल्या बेटांवर राहणारे लोक ती जपानहून जहाजानं मागवून घेतात म्हणे. मी तर मनातल्या मनात तेलाचे पिपे कुठं आणि साखरेचे कट्टे कुठं, हेसुद्धा लावून टाकलं. मग नियम वाचले. कॅनडात परदेशी गाडी 15 वर्षांची झाली की बिनघोर आणता येते, अमेरिकेत 25 वर्षांची झाली की. आपल्याकडं उलटं, जुनी गाडी 3 वर्षांवरची चालतच नाही. स्टेअरिंग उजवीकडं पाहिजे, ही एकच अट जपानशी जुळत होती. ड्यूटीचा आकडा भाच्यानं हळू आवाजात सांगितला. तो ऐकून आमची सौ. म्हणाली, "जपानातून आनान, आन् नाल्यावर उभी करान!" बायकांना हे आधी कसं कळतं, यावर कुणीतरी संशोधन करायला हवं.

मग भाच्यानं दिल्लीचा रस्ता दाखवला. हरित लवादानं 2015 साली 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यावर बंदी घातली, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानंही ती उचलून धरली. त्यामुळं तिकडच्या चांगल्या धडधाकट गाड्या दहावं वर्ष लागलं की परराज्यात स्थळं शोधू लागल्या. आमच्याकडं 10 वर्षांची गाडी म्हणजे सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं. एक गुरखा नावाची जीप मिळाली. फोर्स कंपनीची, डिझेल, पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना डिफरन्शियल लॉक, म्हणजे आसाची दोन्ही चाकं बरोबरीनं फिरवणारी सोय, आणि काचेच्या बाजूनं टपापर्यंत चढलेली काळी नळी. त्या नळीला स्नॉर्केल म्हणतात. इंजिनाला हवा वरून मिळते, म्हणून पाणी चढलं तरी ते गुदमरत नाही. मी पैसे पाठवले. रोहिणी नक्षत्र चालू होतं, मृगाच्या आत गाडी दारात, असा हिशेब.

गाडी ट्रकवर चढून नागपूरच्या वाडीपर्यंत आली ती चटकन. रेंगाळले ते कागद.

परराज्यातून गाडी आणायची तर आधी तिकडच्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म 28. मालकी बदलायला 29 आणि 30. इथला नवा नंबर मागायला 27. मूळ मालकानं कर्ज काढलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. गाडी चोरीची नाही, याचा पोलिसांचा दाखला. परराज्याच्या नंबरावर कायद्यानं 12 महिन्यांच्या वर फिरता येत नाही. इथला टॅक्स इथं आधी भरायचा आणि तिकडं भरलेल्यातला उरलेला तिकडून मागायचा. मागायचा म्हणजे मागत राहायचा. काउंटरवरचा माणूस मात्र सज्जन होता. प्रत्येक वेळी राहिलेला एकच कागद सांगायचा, आणि अगदी आपुलकीनं.

या सगळ्यात एक कागद असा, की ज्यावर चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, पेन्सिलीनं उमटवून द्यायचा असतो. आलापल्लीच्या मिस्त्रीनं गाडीखाली पोतं अंथरलं आणि माझ्या हातात टॉर्च दिला. वरून पाऊस, खालून गाळ, मधे आम्ही दोघं. चाकाच्या आत चेसिसवर दिल्लीची धूळ आणि आमची माती यांचा थर बसलेला. मिस्त्रीनं तो रॉकेलच्या चिंधीनं पुसला, पॉलिश पेपरनं घासला, मग त्यावर कागद धरून पेन्सिलीचं टोक आडवं फिरवू लागला. काळ्या पट्ट्यातून एकेक पांढरं अक्षर वर यायला लागलं.

"सहावं काय हाये शेठ, ओ का शून्य?"

"ओ वाटते."

"मले शून्य वाटते."

टॉर्चच्या उजेडात आमचं बराच वेळ जमेना. शेवटी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामाजी, त्या 17 अक्षरांत ओ, आय आन् क्यू कधी राहातच नाही. घोळ होऊ नये म्हनून ते काढूनच टाकले." एवढी दूरदृष्टी ज्यांनी अक्षरांत दाखवली, त्यांनी ती फॉर्मच्या संख्येत का दाखवली नाही, हे मी पोतं झटकत मिस्त्रीला विचारलं. तो कागद वाळवायला फुंकर मारत होता.

तोवर मृग संपून आर्द्रा लागली. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. कोल्हा, मेंढा आले की शेतकरी तोंड पाडतो. बेडूक, म्हैस, हत्ती आले की बांधीची पाळ पक्की करतो. त्या साली आर्द्रेचं वाहन म्हैस होतं. तिच्यापुढं माझ्या वाहनाचं काय चालणार? दोन्ही नाले एकाच रात्री भरून वाहू लागले. गाडी आलापल्लीत साळ्याच्या टिनाखाली, मालक बेटावर.

साळा माणूस हौशी. पाऊस जरा उघडला की एखाद दिवशी गाडी घेऊन तो नाल्याच्या पल्याडच्या काठावर यायचा, हॉर्न वाजवायचा आणि लाईट लावून दाखवायचा. अल्याडच्या काठावर आमचं सगळं गाव. मी दुरून स्वतःच्या मालमत्तेला हात करायचो. नळीवर तर रोज नवा वाद.

"शेठ, नळी हाये न तिले. मंग येत काहून नाही?"

"नळीनं इंजिन श्वास घेते, गाडी पोहत नाही."

"मंग पानबुडीले कायले राहाते?"

वाहतं पाणी दोन फुटांवर गेलं तर बहुतेक गाड्यांना उचलून नेतं, नळी असो की नसो, हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं. गावाचा निकाल मात्र लागलेला होता, की दिल्लीवाल्यानं शेठला फसवलं. डोंगेवाला तेवढा खुशीत होता. साबणाचे खोके त्याच्याच डोंग्यातून येत होते, आणि "गाडी आली का माझं कसं हुईन जी," असं म्हणत त्यानं भाडंही वाढवून घेतलं.

पोळ्याच्या सुमारास पाणी गुडघ्याखाली आलं. एमएच 33 ची, म्हणजे गडचिरोलीच्या नंबराची पाटीही एव्हाना लागली होती. पोळ्याच्याच दिवशी सकाळी साळ्यानं गाडी नाल्यात घातली. पुढं बांबूनं खोली बघत मी. लो गिअर, पहिला, इंजिनाचा संथ घुरघुराट, बंपरपुढं पाण्याची एक घडी सरकत येतेय. मधली धार तिनं अशी कापली की काठावरच्या पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. पाणी संपलं आणि काठाला पुरानं आणून टाकलेला गाळ लागला. टायर दिल्लीचे, डांबरी रस्त्यावर झिजून गुळगुळीत झालेले. त्यांच्या उरल्यासुरल्या खाचा गाळानं भरल्या. साळ्यानं दोन्ही लॉक लावले, आणि मग चारही चाकं अगदी एकदिलानं जागच्या जागी फिरू लागली. गाडी आसापर्यंत बसली.

इथं ट्रॅक्टर नाही. मी शेजारच्या आबाजींच्या गोठ्यात पळालो. त्यांची जोडी आंघोळ करून उभी होती, शिंगांना बेगड, पाठीवर झूल.

"आबाजी, तेवढी बैलजोडी..."

आबाजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी देवळात चपला घालून शिरलो असेन. "काल सांजीले खांद मळून आवतन देल्लं बैलाईले. आज जू ठेवू का खांद्यावर? पोरी पुरनाचा निवद करून राहिल्या."

गाडी नाल्यातच राहिली. संध्याकाळी तोरणाखाली पोळा भरला, झडत्या, म्हणजे पोळ्याची म्हणायची कवनं, सुरू झाली, आणि एका पोट्ट्यानं जागच्या जागी जुळवून एक झडती म्हटली:

"दिल्लीहून आली गाडी, नाकात तिच्या नळी,
चाकं फिरली चारी, पन गाळात बसली खुळी,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

महादेवाच्या गजरात सगळ्यात मोठा आवाज आमच्या सौ.चा होता.

दुसऱ्या दिवशी आबाजींनी जोडी जुंपली, चाकांखाली तणस कोंबली, तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, नुसती वर धरली आणि बैलांनी गाडी काठावर आणून ठेवली. मी पैसे पुढं केले. ते त्यांनी घेतले नाहीत. बैलांची ढेप, म्हणजे पेंड, आलापल्लीहून या गाडीतून येईल, बिनभाड्याची, एवढं कबूल करून घेतलं. मी हो म्हटलं, आणि अंगात आल्यासारखं विचारूनही गेलो, "आबाजी, पुढच्या पोळ्याले गाडी तोरनाखाली उभी केली तं चालन का?"

आबाजींनी गाडीला एक फेरी मारली, टायरवर काठी टेकवून बघितली.

"चालन," ते म्हणाले, "पन गोऱ्ह्याईच्या मांगं."