दोन घरचा पाहुणा, बायोमेड ब्रांच

पोराला बायोमेडला, म्हणजे बायोमेडिकल इंजिनीअरिंगला टाकायचंच असेल तर एका कॉलेजचं डिपार्टमेंट बिलकुल बघू नका, दोन कॉलेजांनी मिळून काढलेलं बघा. एका कॉलेजात काय, फी भरली, लेक्चरं केली, डिग्री घेऊन घरी. मी असल्या जॉइंट डिपार्टमेंटात चार वर्षं काढलीत, एक कॅम्पस वाशी बाजूला, दुसरा नेरुळ बाजूला आणि राहायला ठाण्यात, त्यामुळे ऐकाच माझं.

आधी रेल्वे पास. कन्सेशन फॉर्मवर कुठून कुठे एवढंच असतं, आणि ठाण्याची गाडी तुर्भ्यानंतर एकतर सानपाड्यावरून वाशीला जाते नाहीतर जुईनगरवरून नेरुळला, दोन्हीकडे जाणारी गाडी रेल्वेने अजून काढलेली नाही. तुम्ही वाशीचा पास काढा, आणि नेरुळच्या प्रॅक्टिकलला जाताना टीसीला जॉइंट डिपार्टमेंट ही संकल्पना समजावून सांगा. मी जुईनगरला एकदा सांगितली. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पावती फाडली.

हजेरी दोन्हीकडे ७५ टक्के, म्हणजे बेरीज १५०. जमवा.

सीआरओ, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, वाशीला, त्याचे प्रोब, म्हणजे जोडायच्या वायरी, नेरुळला, कपाटाची चावी लॅबच्या काकांकडे आणि काका सोम-बुध इकडे, मंगळ-गुरू तिकडे, शुक्रवारी कुठे ते दोन्हीकडे 'तिकडे' असंच सांगायचे. थर्ड इयरला मी प्रोब स्वतःच डब्याच्या पिशवीतून न्यायला लागलो, वर पोळीभाजी. एकदा भाजीचं तेल सांडलं आणि वेव्हफॉर्म चक्क बरी आली, निदान मला तरी वाटली. एचओडी मात्र एकच हं, खुर्च्या तेवढ्या दोन, दोन्ही रिकाम्या.

कोणी म्हणेल परदेशात चालतं की असं. चालतं ना. अटलांटात जॉर्जिया टेक आणि एमरीचं असंच एकत्र बायोमेडिकल १९९७ पासून आहे, एक सरकारी, एक खासगी. पण टेककडे इंजिनीअरिंग होतं, मेडिकल नव्हतं, एमरीकडे बरोब्बर उलटं, म्हणजे एकाकडे तवा, एकाकडे पीठ. आमच्या दोघांकडेही तवाच, त्यामुळे हॉस्पिटल आतून बघायला मी आईच्या बीपीच्या निमित्ताने जायचो. आणि त्या डिपार्टमेंटला नाव वॉलेस कोल्टरचं, ज्याने रक्तपेशी बारीक भोकातून एकेक सोडून प्रत्येकीमुळे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा मोजायची युक्ती काढली, रक्ताच्या सीबीसी तपासणीच्या कित्येक मशीनमागे तीच आहे. आमच्याकडे हे ऑफिसच्या खिडकीवर शिकवायचे. बारीक भोक, एकेक विद्यार्थी, प्रत्येकाला अडथळा.

आता बोनाफाइड. इकडे मागा, म्हणतील तिकडची एनओसी आणा, तिकडे एनओसीला बोनाफाइड लागतं. इथे रडायचं नाही, पोस्टमन व्हायचं, आणि दोन्ही साहेबांना असं वाटू द्यायचं की समोरच्याने सही आधीच केलीय. माझं आलं तेव्हा मला पास होऊन सहा महिने झाले होते. 'सदर विद्यार्थी आमच्याकडे शिकत आहे', सही एका कॉलेजची, शिक्का दुसऱ्याचा. बँकेने परत केलं, आईने फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय.