चौथ्या पानावर एकटी पडलेली सही

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन्ही फाईल पाठवल्यात ते बरं केलंत, नाहीतर मी नुसताच अंदाजाने बोलत बसलो असतो.

इतरांसाठी थोडक्यात: ‘पीडीएफ केली की मांडणी पक्की, मग ती कुठेही करा’ हे माझ्या लेखातलं वाक्य वाचून ताईंनी सोसायटीच्या वार्षिक सभेची तीन पानी नोटीस झेरॉक्सच्या दुकानात मेल केली. तिथे पीडीएफ झाली चार पानांची, आणि चौथ्या पानावर फक्त ‘आपली विश्वासू, सचिव’. “स्वतः करून न बघता लिहिता. त्यापेक्षा वर्डची फाईलच ग्रुपवर टाकली असती,” असं त्यांचं म्हणणं.

यातलं पहिलं मान्य. ‘कुठेही’ हा शब्द मी बेफिकिरीने लिहिला. दुसरं मात्र पटत नाही.

वर्डच्या फाईलमध्ये मजकूर असतो आणि सूचना असतात: फॉन्ट कोकिला, 16 पॉइंट, समास इतका. ओळ कुठे मोडायची, पान कुठे संपवायचं, हे फाईल उघडणारं मशीन दरवेळी नव्याने ठरवतं. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली. म्हणजे दुकानात फाईल उघडली तेव्हाच तुमची चार पानं झाली होती. पीडीएफने ती इमानाने जपली. ग्रुपवर वर्ड टाकली असती, तर प्रत्येक घरात वेगळी नोटीस दिसली असती.

दुकानात काय घडलं, हे त्या पीडीएफमध्येच लिहिलंय. ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाईल, मग प्रॉपर्टीज, मग फॉन्ट्स. यादीत कोकिला नाहीच, निर्मला यूआय आहे. तुम्ही म्हणता कोकिला विंडोजबरोबरच येतो. विंडोज 7 मध्ये यायचा. विंडोज 10 पासून कोकिला, अपराजिता, उत्साह, अगदी मंगलसुद्धा वेगळ्या जोडणीत गेले; मराठी किंवा हिंदी भाषा घातली की ते येतात. दुकानातल्या मशीनवर ती घातली नसणार. कोकिला अंगाने बारीक, निर्मला ऐसपैस. मी तुमचा पहिला परिच्छेद निर्मलात लावून पाहिला, तर पहिल्याच ओळीतलं ‘सभासदांना’ खाली घसरलं आणि त्यामागून सगळं घरंगळत गेलं. (श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं असतं, तर याहून वाईट: फॉन्ट नसला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा.)

आता थोडं तुमच्याकडेही बोट दाखवतो, रागावू नका. होम टॅबवर उलट्या ‘पी’सारखं एक चिन्ह असतं, ते दाबून बघा. सही उजवीकडे न्यायला तुम्ही ओळभर स्पेस मारल्यात, आणि ‘विषय पत्रिका’ नव्या पानावर न्यायला अकरा वेळा एंटर. फॉन्ट बदलला की हे आधी कोसळतं. सहीला उजवीकडची अलाइनमेंट द्या, नव्या पानासाठी कंट्रोल आणि एंटर एकदाच दाबा.

पीडीएफ घरीच करा, ज्या मशीनवर टाइप केलंत तिथेच: सेव्ह ॲज, आणि प्रकार पीडीएफ. दुकानात ती फक्त छापायला न्या. वर्डच द्यायची वेळ आली, तर आधी ऑप्शन्समध्ये सेव्हखाली ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल’वर खूण करा, म्हणजे फॉन्ट फाईलसोबतच जातो, आणि त्याखालची नेहमीचे सिस्टिम फॉन्ट वगळण्याची खूण काढा. फुकटात पीडीएफ करून देणाऱ्या वेबसाइटकडे जाऊ नका. तिथेही फॉन्टचं हेच रडगाणं, वर नोटिशीतली थकबाकीदारांची यादी परक्या सर्व्हरवर.

तुमची शेवटची तक्रार, की पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर वेलांट्या उड्या मारतात आणि जोडाक्षरं फुटतात, यावर माझ्याकडे खात्रीचा इलाज नाही. ‘विषय’मधला ‘वि’ आपण टाइप करतो तेव्हा आधी व, मग वेलांटी. कागदावर वेलांटी आधी येते. पीडीएफ जपते ती कागदावरची जागा, आणि टाइप केलेला क्रम पुष्कळदा त्यात हरवतो. तेव्हा पुढच्या वर्षीच्या नोटिशीसाठी मूळ वर्ड फाईल टाकून देऊ नका.

लेखातलं ‘कुठेही’ आज सकाळी खोडलं. तिथे आता ‘टाइप केलंत त्याच मशीनवर’ असं आहे.