काका, उडवा ना!

आज सकाळी भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर पक्षी बघायला गेले होते. घरी येऊन दोन तास झाले, चहा दोनदा गार झाला, तरी डोकं शांत होत नाही.

शेजारच्या होडीत सात-आठ जण. समोर उथळ पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दोनेकशे असतील, माना खाली घालून खात होते. एक बाई नावाड्याला म्हणतात, "काका, उडवा ना! रील करायचंय." काकांनी इंजिनाचा दोर ओढला आणि होडी सरळ थव्यात घातली.

अहो, उडवा? पतंग आहे का तो?

माझं माहेर डिकसळच्या बाजूचं. दहा वर्षांची असताना चुलते, आमचे तात्या, पहाटे होडीतून घेऊन गेले होते. थव्याच्या बऱ्याच अलीकडे इंजिन बंद, पुढे नुसता बांबू टेकत टेकत. मी हौसेनं टाळ्या वाजवल्या. दोन-चार पक्ष्यांनी माना वर केल्या मात्र, तात्यांनी होडी फिरवली ती थेट घरी. वाटेत एवढंच म्हणाले, "जेवत्या ताटावरून उठवू नये कुणाला."

जेवतातच हो ते! चोच उलटी बुडवायची, गाळ-पाणी आत ओढायचं, त्यातले बारीक जीव गाळून घ्यायचे. दिवसभर हेच. उजनीचं पाणी उतरलं की हा गाळाचा काठ उघडा पडतो. त्यात आमचंही रान आहे बरं का. १९८० साली धरण पुरं झालं, काठची गावं पाण्याखाली गेली. तात्या म्हणायचे, "आपल्या रानात आता पाव्हणे जेवतात."

नावाड्यांचं पोट यावर आहे, मान्य. पुण्याचं सांडपाणी भीमेतून इथंच येऊन साचतं, त्यापुढे एक इंजिन काय, हेही मान्य. पण म्हणून थव्यात होडी घालायची?

काकांवर मगाशी फार चिडले होते. आता वाटतं, नाही म्हटलं असतं तर गिऱ्हाईक उद्या पलीकडच्या होडीत बसलं असतं. उतरताना कुणीतरी वर दोनशेची नोट दिली. त्यांनी ती चौघडी करून टोपीत खोचली, आणि परत थव्याकडे बघितलंच नाही.

तात्या असते तर आज मलाच बोलले असते. कारण थवा उठला, पंखांखालचा तो लाल रंग एकदम उघडला, तेव्हा आमच्या होडीतले सगळे मोबाईल वर गेले. त्यात माझाही होता. फोटो सुरेख आलाय. इथे टाकत नाहीये. पण पुसलाही नाही अजून.